बाबांची सकाळची गोळी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मला काही त्रासच नाही, मग तपासणी कशाला?" तेव्हा वाद वाढवला नाही, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

माझ्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हा संसर्ग बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच होतो आणि उपचार न केल्यास वर्षानुवर्षे मुकाट टिकून राहतो. मला तो कोणाकडून आला याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही (आईने लगेच स्वतःला दोष द्यायला सुरुवात केली, ती कृपया थांबवावी), पण तुमच्याही पोटात तो असू शकतो, हे धरून चालायला हवे.

बाबा, आजोबा जठराच्या कर्करोगाने गेले आणि त्याला आपण आजवर नशीब म्हणत आलो. या जिवाणूमुळे जठराच्या अस्तराला कायमची सूज राहते, त्यातून काहींना अल्सर होतो आणि थोड्यांना पुढे कर्करोग. १९९४ सालीच त्याची नोंद कर्करोगकारक म्हणून झाली आहे. अल्सर काळजीने होतो, असे तुम्ही अजूनही म्हणता. डॉक्टरही तसेच मानत होते, म्हणून बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये हा जिवाणू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. पुढे २००५ मध्ये त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले. तुमचे वडील या आजाराने गेले आणि तुम्ही रोज अ‍ॅस्पिरिन घेता, जिने अल्सरमधून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तुमची तपासणी आईच्याही आधी व्हावी, असे मला वाटते.

तपासणी श्वासाची असते. आधी एकदा पिशवीत फुंकायचे, मग युरियाचे द्रावण प्यायचे आणि सुमारे अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचे; जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. मात्र तुमची सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी दोन आठवडे आधी बंद असावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. ती गोळी अ‍ॅस्पिरिनपासून पोटाला सांभाळत असल्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी एकही बंद करू नये. नुसत्या रक्ततपासणीवर भागवू नका, कारण संसर्ग जुना की चालू, हे तिच्यातून कळत नाही.

संसर्ग निघालाच, तर चौदा दिवस चार प्रकारची औषधे घ्यावी लागतील. मला तोंडात सतत नाणे धरल्यासारखी चव येत होती, आणि त्या चारांतल्या बिस्मथ या औषधामुळे शौच काळे होते हे आधी कोणी न सांगितल्याने एक सकाळ घाबरण्यात गेली. तरी एकही मात्रा चुकवली नाही, कारण अर्धवट सोडल्यास उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा फुंकून पाहिले, तेव्हा कुठे 'गेला' असे डॉक्टरांनी सांगितले.

आई, बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून त्यांचे फोटो मला आज रात्रीच पाठव. डॉक्टरांची वेळ मी घेतो.

तुमचा,
बाळ