मनू, गुरुवारची तारीख तशीच राहू दे

प्रिय मनू,

रविवारी फोनवर मी जे बोललो ते तसं बोलायला नको होतं. आवाज चढला माझा. तू म्हणालीस, "बाबा, झोपवणारेत मला, तुम्हाला नाही," आणि फोन ठेवलास, मग मी बराच वेळ तसाच पायरीवर बसून राहिलो. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहितीये, समोरचं माणूस गप्प झालं की मी अजून जोरात बोलतो. म्हणून हे टाइप करतोय, एका बोटानं, दोन रात्री झाल्या. ओवी झोपली की निवांत वाच, ऑफिसात वाचू नकोस.

आधी एकच विचारतो. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची तारीख रद्द नाही ना केलीस? हे एकदाच विचारतोय, पुन्हा या पत्रात काढणार नाही.

तू म्हणालीस तपासणीची भीती नाही, रिपोर्टचीही तेवढी नाही, भीती त्या झोपेची आहे, झोपले आणि उठलेच नाही तर. मी त्यावर "काहीतरीच काय" म्हणालो. चुकलं माझं ते. कारण रात्री अंथरुणावर पडलो आणि १९९१ आठवलं. तुझ्या टॉन्सिलचं ऑपरेशन, तू दुसरीत होतीस. चौघांनी धरलं होतं तुला, तोंडावर ती जाळी आणि त्यावर औषध टाकलेला कापूस, वास पार व्हरांड्यापर्यंत येत होता, तू "बाबा" म्हणून ओरडत होतीस आणि मी दाराबाहेर तुझ्या चपला हातात धरून उभा होतो. आत यायचं नाही म्हणाले म्हणून मी गेलो नाही. मग तुझा आवाज एकदम बंद झाला. मनू, तो आवाज बंद झाला तेव्हा मला काय वाटलं हे मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. मला वाटायचं लहान होतीस, विसरली असशील. पण नेलपॉलिशची बाटली उघडली की तुला मळमळायचं, लग्नातसुद्धा लावून घेतलं नाहीस, आत्या किती मागे लागली होती. तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तर तसं आता काही नाही. ना मास्क, ना वास, ना कुणी धरणार. हाताच्या मागच्या बाजूला शिरेत बारीक सुई, सलाइनला लावतात तशी, औषध त्यातूनच जातं. आणि ही आईच्या ऑपरेशनसारखी भूलही नाही. तिचं पोट उघडलं होतं, साडेचार तास चाललं, त्यात श्वास मशीनवर असतो म्हणून तोंडात नळी. तू आयसीयूच्या काचेतून ती नळी बघितलीस आणि मला वाटतं तेच तुझ्या मनात घट्ट बसलंय. दुर्बिणीच्या तपासणीत श्वास तुझा तूच घेतेस. नाकाशी ऑक्सिजनची छोटी नळी, बोटाला तो चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा, छातीला ईसीजीच्या पट्ट्या, आणि तुझ्या डोक्याशी भूलतज्ज्ञ बसलेले, त्यांना तेवढंच काम, दुर्बीण दुसरे डॉक्टर चालवतात. अर्धा-पाऊण तास, पॉलिप म्हणजे आतड्यातला छोटा फोड निघाला तर थोडा जास्त. औषधाचा असर तासाभरात उतरतो, गुंगी संध्याकाळपर्यंत असते थोडी.

तू त्या मायकल जॅक्सनचं म्हणालीस, त्याच औषधानं गेला म्हणून. खरं आहे, मी चौकशी केली, दुधासारखं पांढरं असतं ते. पण २००९ साली त्याला ते घरी बेडरूममध्ये देत होते, नुसती रात्री झोप लागावी म्हणून, लक्ष ठेवायची धड मशीन नाहीत, आणि डॉक्टरला पुढे कोर्टानं दोषी ठरवलं. दवाखान्यात टेबलावर देणं वेगळं. रात्री दोन वाजता मोबाईलवर हे वाचत बसू नकोस गं. तुझी आई अशीच रात्री उठून वर्तमानपत्रातली आरोग्याची पानं काढून वाचायची, मी दिवा बंद कर म्हणायचो.

माझी ही तपासणी गेल्या वर्षी झाली तेव्हा तुला मी "सगळं ठीक" एवढंच सांगितलं होतं. हिमोग्लोबिन ९ आलं होतं म्हणून डॉक्टरांनी सांगितली. खरं सांगतो, आदल्या रात्री मी घाबरलो होतो. पंचवीस वर्षं कुंभार्ली घाट केला, पावसात, दरडीखालून, कधी भीती वाटली नाही, आणि त्या टेबलावर डाव्या कुशीवर गुडघे दुमडून झोपवलं तर पाय थरथरत होते. भूलवाल्या मॅडम तुझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, काका काय करायचात? म्हटलं कंडक्टर, कराड-चिपळूण. मग म्हणाल्या, थांबे सांगा बघू. मी सुरू केलं, विजयनगर, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. पाटण म्हटल्याचं आठवतंय. कोयनानगर नाही आठवत. त्यानंतर एकदम पडदा लावलेली दुसरी खोली, सिस्टर म्हणतायत काका उठा, चहा-बिस्कीट घ्या. मला खरंच वाटलं अजून सुरू व्हायचंय. आठ मिलिमीटरचा पॉलिप काढला होता तेवढ्यात आणि मला पत्ताच नाही. पोटात थोडा गॅस झाला, संध्याकाळी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलो.

तो पॉलिप काढला नसता तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी मला चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला आधी असा छोटा फोड येतो, दुखत नाही, कळत नाही, सगळेच काही वाईट होत नाहीत, पण जो होतो त्याला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे दहा वर्षं मिळतात बघायला आणि तारेच्या फासात धरून काढून टाकायला. नंतर त्यांनी विचारलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता? मी आईचं सांगितलं, ४९व्या वर्षी कळलं. म्हणाले, मग मुलीची चाळिशीला करायची, किंवा आईला कळलं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. म्हणजे ३९. मनू, तुला एक्केचाळीस पूर्ण झाली. दोन वर्षं आपण असेच...

असो. बोलणार नाही म्हणालो होतो.

पण रविवारी मी का चिडलो ते सांगायलाच हवं, नाहीतर तुला वाटेल बाबा म्हातारे झाले म्हणून ओरडतात. तू म्हणालीस, "राहू दे ना बाबा, ओवीची परीक्षा होऊ दे." अगदी तसंच, त्याच सुरात. २००७च्या गणपतीत आईला पहिल्यांदा रक्त दिसलं. मला सांगायला तिनं दिवाळी उजाडवली, आणि मी काय केलं, तर मूळव्याध असेल म्हणून एकाकडून पुड्या आणल्या. त्यानं नाडी बघितली, तिखट बंद करा म्हणाला. तिखट बंद केलं आम्ही. दोन महिने तिनं बिनतिखटाचं कालवण केलं सगळ्यांना, तुला आठवत असेल, तू हॉस्टेलवरून आलीस आणि आईनं आमटीत मिरची का नाही घातली म्हणून कुरकुर केलीस. थोडं कमी झालं तसं वाटलंही. मग फेब्रुवारीत मिरजेला दुर्बिणीची तारीख मिळाली होती. माझी ड्यूटी बदलून मिळाली नाही. ती म्हणाली, राहू दे, मार्च संपू दे. आणि मी "बरं" म्हणालो.

मी बरं म्हणालो, मनू. जूनमध्ये कळलं. पुढचं तुला माहितीये, तुझं लग्न आपण का घाईनं केलं तेही.

हे तुझ्यावर लादायला नाही लिहीत. आता वाचून बघितलं तर लादल्यासारखंच झालंय, पुसून टाकणार होतो. राहू दे. फेब्रुवारीत गेली असती तर वाचलीच असती असंही कुणी म्हणत नाही, डॉक्टरांनीही नाही म्हटलं. फक्त "राहू दे" हा शब्द तुझ्या तोंडून ऐकला आणि माझा तोल गेला. तुझ्यावर नव्हतो चिडलो.

आणि तुला त्रास काहीच नाहीये गं, परमेश्वराच्या कृपेनं. नसतानाच करायची असते ही.

आता तयारीचं. हे मला माहितीये म्हणून सांगतो, पण तुमच्या डॉक्टरांनी कागदावर जे लिहून दिलंय तेच खरं. सोमवारपासून भाकरी बंद, पालेभाजी, पेरू, टोमॅटो, शेंगदाण्याचं कूट, तीळ सगळं बंद. साधा पांढरा भात, पातळ वरण, दही, इडली. बुधवारी नुसतं पातळ, आरपार दिसेल असं, नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, डाळीचं वरचं पाणी. कोकम सरबत नको, तुझं आवडीचं आहे म्हणून मुद्दाम लिहितो, लाल रंग आत गेला की रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आठवडाभर आधी बंद करायच्या असतात, तुझ्या चालू होत्या ना, आजच फोन करून विचार. पावडरचं पाणी दोन लिटर असतं, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. खारट लागतं, मला तिसऱ्या ग्लासला उलटी येईल असं वाटलं. थंड करून, लिंबू पिळून, स्ट्रॉनं पी, पंधरा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. सगळं प्यायचं, चुकवायचं नाही, पोट साफ झालं नाही तर त्यांना नीट दिसत नाही आणि पुन्हा करावी लागते. आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेनंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही. पोटात काही असलं तर झोपेत वर येऊन श्वासनळीत जायची भीती असते, उपाशी ठेवतात ते त्याच्यासाठी. गुरुवार तुझा उपवासाचा असतो, पण त्या दिवशी साबुदाणा-बिबुदाणा काही नाही.

बघ, परत शाळा घेतली मी तुझी. तू ऑफिसात वीस माणसं सांभाळतेस आणि मी इथून कूट खाऊ नको सांगतोय. तुझी बढती झाली तेव्हा मी डेपोत जाऊन पेढे वाटले होते, जुने चारपाचच जण राहिलेत आता, पण वाटले. तुला सांगितलं नव्हतं.

एक मात्र माझं ऐक. भूलतज्ज्ञ आधी येऊन विचारतात, तेव्हा सगळं सांग. लहानपणी धुळीनं दम लागायचा, पंप होता, ते सांग. घोरतेस का विचारतील, समीररावांना विचारून खरं सांग. आणि टॉन्सिलचं सांग. लाजू नकोस, एक्केचाळिसाव्या वर्षी कसं सांगू असं करू नकोस, त्यांना माहीत असलं की ते तसं हळूहळू बोलत बोलत देतात. फारच नको वाटलं तर कमी औषध देऊन किंवा अजिबात न देताही काहीजण करून घेतात, जरा त्रास होतो म्हणतात, पण करतात. तेही विचार. सही करायच्या कागदावर आतड्याला छिद्र, रक्तस्राव असलं सगळं लिहिलेलं असतं, मी वाचून घामाघूम झालो होतो, डॉक्टर म्हणाले छिद्र पडायचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी, पण लिहावं लागतं. ते तूही विचारून घे. तुझ्या मनात येईल ते सगळं विचार, पण विचारायला तिथे जा.

तू एकटी जाऊन रिक्षानं परत येते म्हणालीस ते जमणार नाही. सोबत कुणी नसेल तर देतच नाहीत ते औषध. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, बँकेच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत. समीररावांना ऑफिस असेल तर असू दे. मंगळवारच्या महालक्ष्मीचं माझं तिकीट झालंय, बुधवारी सकाळी कल्याणला उतरतो. स्टेशनवर कुणी यायची गरज नाही. ओवीचा डबा, तिची शाळेची गाडी मी बघतो, तिला फोडणीचा भात माझ्या हातचा आवडतो.

आणि रागावू नकोस, काल मी तुमच्या दवाखान्यात फोन केला होता. नंबर मी समीररावांकडून घेतला. विचारलं की सुई लावून औषध देईपर्यंत घरचं एक माणूस आत उभं राहू शकतं का. त्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून सांगते. आज दुपारी त्यांचाच फोन आला, आतल्या दारापर्यंत या म्हणाल्या, झोप लागेपर्यंत थांबा. म्हणजे मी दिसेन तुला.

सुट्टीत आत्याकडे जाताना तू माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचीस आणि पाटण आलं की झोपायचीस. मी तिकिटं फाडत मागे-पुढे करायचो आणि येता-जाता तुझ्याकडे बघायचो, घाटात वळणावर डोकं आपटू नये म्हणून माझी पैशांची बॅग तुझ्या कानाशी लावून ठेवायचो, ड्रायव्हरनाना म्हणायचे अहो गल्ला पोरीच्या ताब्यात दिलात की. पोफळी, शिरगाव, काही तुला कळायचं नाही. चिपळूण आलं की मी उठवायचो, आणि तू म्हणायचीस, घाट गेला?

चपला माझ्याकडे दे गुरुवारी. मी धरतो.

ओवीला पापा. समीररावांना नमस्कार सांग. तारखेचं... असो.

तुझा,
बाबा

ता.क. नारळ इथून चार आणतोय, तिकडचे फार महाग असतात. आणि लोहाच्या गोळ्यांचं आजच विचार.