परिचारिकांना 'आजार नाही' म्हणजे सारे ठीक, असे मानू नका

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

अतिदक्षता आणि अपघात विभागातल्या परिचारिकांची मानसिक तपासणी म्हणजे बहुधा नैराश्य आणि चिंतेची चाचणी. पण आजार नसणे वेगळे आणि मन सुस्थितीत असणे वेगळे. तेही मोजायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेची ५ विधानांची प्रश्नावली त्यासाठी पुरते. प्रसन्नता, निवांतपणा, उत्साह, झोपेनंतरचा ताजेपणा आणि रोजच्या जगण्यातला रस. गेल्या २ आठवड्यांबद्दल प्रत्येकी ० ते ५ गुण द्यायचे, बेरजेला ४ ने गुणायचे. १०० पैकी ५० किंवा त्याहून कमी आले तर काळजी घ्यायची.

घोटाळा होतो तो राबवताना. ताजेपणाच्या विधानात मराठी करताना 'सकाळी' शब्द शिरला की नाइट करून दुपारी दोनला उठणाऱ्या सिस्टरने काय लिहायचे? तिथे 'झोपून उठल्यावर' हवे. मागच्या १४ दिवसांत किती नाइट झाल्या, हेही त्याच कागदावर विचारा. नाहीतर नाइटचा थकवा कुठला आणि वॉर्डाचा ताण कुठला, हे कळणारच नाही.

नुसत्या बेरजेवरही विसंबू नका. समजा एका सिस्टरचे गुण ३, २, ३, ०, ५ असे आले. बेरीज १३, म्हणजे ५२. कागदावर ती 'ठीक' ठरते. जगण्यात तिला रस आहे, पण झोपेनंतरच्या ताजेपणाला शून्य आहे, आणि उपाय त्या शून्यावर हवा. म्हणून प्रत्येक विधानाची वॉर्डनिहाय सरासरी वेगळी काढा.

फॉर्म परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेच्या, हाती गोळा केलात तर सगळीकडे ४ आणि ५ च दिसतील, कारण ड्युटी तीच लावते. नाव नको, कर्मचारी क्रमांक नको. पेटी कुलूपबंद हवी आणि ती वॉर्डाबाहेरच्या माणसाने उघडावी. १० पेक्षा कमी फॉर्म आलेल्या वॉर्डाचा आकडा स्वतंत्र दाखवू नये, चार जणींच्या वॉर्डात कोण कोण ते लगेच ओळखू येते. ड्युटी संपताना ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देण्याच्या घाईत कागद हातात देऊ नका, ड्युटीच्या वेळेतली १० मिनिटे राखून द्या. निनावी फॉर्मवरून कुणाला गाठता येत नाही, म्हणून गुण काढायची रीत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरी न्यायच्या चिठ्ठीवर छापा.

दर ३ महिन्यांनी मोजा. एखाद्या वॉर्डाची १०० पैकीची सरासरी १० गुणांनी घसरली, तर त्या वॉर्डाचे ड्युटीपत्रक आणि रिक्त पदे १५ दिवसांत तपासण्याचा लेखी आदेश आधी काढा. सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलेले योगशिबिर हे त्याचे उत्तर नव्हे. त्यात तिची हक्काची सुट्टी जाते.

आपले विश्वासू,
परिचर्या व मानसिक आरोग्य क्षेत्रातील आम्ही कार्यकर्ते