मुका मार

सातारा,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार.

तू पडल्याचं वहिनींकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्याचा हिशोब भेटीत. स्कूटरचं हँडल डाव्या बरगड्यांत घुसलं, एक्स-रेत काही निघालं नाही, म्हणून तू हळदीचा लेप लावून शेतात फिरतोयस म्हणे. "नुसता मुका मार आहे." अरे, मीही हेच म्हणालो होतो!

मी गच्चीच्या जिन्यावरून पडलो ते तुला ठाऊक आहे, पुढचं नाही. बरगड्या दोन दिवसांत बऱ्या वाटल्या. दुखायला लागला डावा खांदा, ज्याला काहीच लागलं नव्हतं. आडवं झालं की जास्तच. मी आपला बाम चोळतोय. पुतणी तेव्हा इंटर्नशिप करत होती. तिने फोनवर हे ऐकलं आणि मला रात्रीच सोनोग्राफीला पिटाळलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, चिरली होती, पोटात रक्त साठत होतं.

ही पानथरी डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड बसलेली. बरगडी शाबूत राहूनही ती फाटते. सांडलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतं. श्वासपटलाची नस निघते मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारून, म्हणून मेंदू फसतो आणि खांद्याला दोष देतो. कधी तर रक्त पानथरीच्या आवरणातच अडून राहतं आणि काही दिवसांनी ते आवरण फुटतं. मला यातलं हेच सर्वांत भीतीदायक वाटतं.

गेल्या महिन्यात, २५ ऑक्टोबरला, सिडनीत आपल्या श्रेयस अय्यरने मागे धावत ॲलेक्स कॅरीचा झेल घेतला आणि डाव्या कुशीवर आपटला. आपल्याला वाटलं, बरगडीला लागलं असेल. निघाली पानथरीच फाटलेली! झेल मात्र सोडला नाही पठ्ठ्याने.

त्याहून अजब अमेरिकेतलं. २ जानेवारी २०२३ला सिनसिनाटीत डामार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू छातीवर धक्का बसून पडला, उठून उभा राहिला आणि पुन्हा कोसळला. हृदय थांबलेलं. ठोक्याच्या एका नेमक्या क्षणी, सेकंदाच्या काही सहस्रांशांत, मार बसला की असं होतं. हाड मोडावं लागत नाही. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणलं. तुझा तो क्षण टळला, पानथरीचं अजून ठरायचंय.

फोन उचलत नाहीस म्हणून ही चिठ्ठी बंड्याबरोबर धाडलीय. तो गाडी घेऊनच आलाय. लेप पुसून गाडीत बस. आणि खरं सांग, खांदा दुखतोय का?

तुझा,
वश्या