दुरुस्तीची बिले भरली, बिघाड मात्र जागच्या जागी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: वारंवार दुरुस्ती करूनही इंजिनातील मूळ बिघाड कायम असल्याबाबत व अनावश्यक बदललेल्या भागांचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या पेट्रोल गाडीतला एकच बिघाड काढण्यासाठी आपल्या अधिकृत वर्कशॉपने आजवर ऑक्सिजन सेन्सर, एअर फ्लो सेन्सर, चारही इग्निशन कॉइल, स्पार्क प्लग आणि शेवटी फ्यूएल पंप बदलला. प्रत्येक बिल मी पूर्ण भरले आहे. गाडी मात्र आजही इंजिन तापले की सिग्नलला थरथरते, आरपीएमचा काटा खाली-वर नाचतो आणि मधूनच इंजिन बंद पडते. एसी चालू असेल तर हमखास. आता मला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणकच, बदलण्याचे एस्टिमेट हातात दिले आहे. त्यावर मी सही केलेली नाही. का केली नाही, ते सविस्तर लिहितो.

गाडीत सुरुवातीपासून इंजिनाच्या संगणकाने नोंदलेला एकच दोष-कोड येतो आहे: पी०१७१. हा काही आपल्या कंपनीचा गुप्त कोड नव्हे, सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत त्याचा अर्थ सारखा असतो. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढेच तो सांगतो. कोणता भाग खराब आहे, हे तो सांगत नाही. हवा कुठून तरी चोरून आत येत असेल, पेट्रोल कमी पोहोचत असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकीचे मोजत असेल. यातले नेमके काय, हे शोधण्याला निदान म्हणतात आणि त्याचे वेगळे शुल्क आपल्या प्रत्येक बिलात लावलेले आहे.

प्रत्यक्षात काय झाले? पहिल्यांदा ऑक्सिजन सेन्सर बदलला. हा सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, झाल्याची खबर देतो. नवा सेन्सर बसवल्यावर तोच कोड परत आला. याचा सरळ अर्थ, जुना सेन्सर खरे सांगत होता. निदान इथे तरी कोणीतरी थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी पुढच्या खेपेला एअर फ्लो सेन्सर बदलला, आणि त्यानंतर कॉइल व प्लग. कॉइल प्लगला ठिणगी पुरवते; ती खराब असेल तर मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे, कोड येतात, पी०३०० किंवा ज्या त्या सिलिंडरचा पी०३०१, पी०३०२ वगैरे. माझ्या एकाही जॉब कार्डवर यातला एकही कोड नोंदलेला नाही. मग चारही कॉइल कशाच्या आधारावर बदलल्या? सर्व्हिस अॅडव्हायझरचे उत्तर होते, "सर, एकदा बदलून बघू." बघायचे त्यांनी आणि पैसे मोजायचे मी, अशी ही वाटणी आहे.

फ्यूएल पंपाचे तर मला खरेच आश्चर्य वाटले. पंप कमजोर असेल तर इंजिनाला पेट्रोल जास्त लागते तेव्हा तो उघडा पडतो: चढावर, ओव्हरटेक करताना, वेगात. माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर उत्तम पळते, पिकअपची काहीही तक्रार नाही. त्रास आहे तो फक्त उभी असताना किंवा वळणावर वेग कमी केला की. हे मी पहिल्या दिवसापासून तोंडी सांगितले आणि जॉब कार्डवर लिहूनही घेतले. पंप बदलण्याआधी फ्यूएल प्रेशर मोजले का, असे विचारल्यावर मला आकडा मिळाला नाही. गेजची नळी जोडून दाब वाचायला फारसा वेळ लागत नाही, पण आपल्याकडे पंप आधी बदलला गेला आणि दाबाची नोंद आजही नाही.

शेवटी एका मित्राच्या साध्या स्कॅनरवर मी स्वतः फ्यूएल ट्रिम पाहिले. वाचकाला, म्हणजे आपल्याला, हे सांगायची गरज नाही, पण पत्र पुढे कोणाकडे जाईल माहीत नाही म्हणून लिहितो: मिश्रण योग्य राखण्यासाठी संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतो आहे, तो हा आकडा. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखण्याची त्याची धडपड असते. माझ्या गाडीत आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, हा आकडा अधिक २० टक्क्यांच्या वर जातो आणि २५०० आरपीएमला जवळजवळ सामान्यावर येतो. पेट्रोलचा पुरवठा कमी असता, तर चित्र उलटे दिसले असते. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेते, म्हणून एखाद्या फटीतून येणारी चोरटी हवा तेव्हाच जास्त जाणवते. रेस केल्यावर एकूण हवेच्या मानाने ती किरकोळ ठरते.

सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, हवेची झडप असलेल्या थ्रॉटल बॉडीच्या पुढचा रबरी पाइप, इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी पीसीव्हीची नळी, ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरची नळी. शोधायच्या जागा या आहेत आणि त्यासाठी स्मोक टेस्ट असते. इनटेकमध्ये धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहायचे. आपल्या वर्कशॉपच्या दर्शनी भिंतीवरच्या फलकावर ही सोय असल्याचे लिहिले आहे. माझ्या एकाही बिलात ती टेस्ट केल्याची नोंद नाही. दोष तिथेच आहे असा माझा दावा नाही, मी मेकॅनिक नाही. पण इतके महागडे भाग बदलण्याआधी ही एक टेस्ट करावी असे कोणालाच का वाटले नाही? रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा सगळा प्रकार झाला आहे.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. दर वेळी कोड पुसून, चेक इंजिनचा दिवा विझवून गाडी "ओके" म्हणून दिली जाते. कोड पुसला की त्यासोबतची फ्रीझ फ्रेम नोंदही जाते. दोष आला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन किती तापले होते, भार किती होता, हे त्या नोंदीत असते, म्हणजे निदानाला उपयोगी पडणारा पुरावा वर्कशॉपनेच पुसून टाकला. शिवाय पुसल्यानंतर संगणकाला स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण करायला काही अंतर धावावे लागते. तोवर दिवा लागला नाही तर त्यात दुरुस्तीचे काही श्रेय नाही. ट्रायल घेतली जाते तीही सकाळी, थंड इंजिनावर. थंड असताना संगणक मुद्दाम जादा पेट्रोल देतो आणि ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्याकडे लक्ष देत नाही, त्यामुळे माझा बिघाड त्या वेळी दिसणारच नाही. "आम्हाला तर काही प्रॉब्लेम आला नाही" हे वाक्य मला म्हणूनच मान्य नाही.

आपल्याकडच्या एका तरुण मेकॅनिकबद्दल मात्र चांगले लिहायला हवे. तो इंजिन तापेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिला, थरथर त्याने स्वतः अनुभवली आणि "गरम झाल्यावर आयडलिंग अस्थिर, हवेची गळती तपासणे" असे जॉब कार्डवर स्वच्छ अक्षरात लिहिले. त्या कार्डाची प्रत माझ्याकडे आहे. त्याच कार्डावरचे बिल फ्यूएल पंपाचे आहे.

हा केवळ पैशांचा प्रश्नही नाही. वळणावर इंजिन बंद पडले की स्टीअरिंग जड होते आणि ब्रेक बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो. मागून गाड्या येत असताना हे घडले आहे, सोबत घरची मंडळी असताना घडले आहे. "अशा गाड्यांना थोडे होतेच" हे उत्तर मला काउंटरवर मिळाले. ते कंपनीचे अधिकृत मत असेल तर तसे लेखी द्यावे.

माझे म्हणणे असे की ईसीएमचे एस्टिमेट रद्द करून गाडी वरिष्ठ तंत्रज्ञाकडे सोपवावी. इंजिन पूर्ण तापवून आयडलिंगचे आणि २५०० आरपीएमचे फ्यूएल ट्रिम, फ्यूएल प्रेशर आणि स्मोक टेस्टचा निकाल कागदावर द्यावा. त्याआधी एकही भाग बदलू नये, एकही कोड पुसू नये. या तपासणीचे शुल्क मी देणार नाही, ते मी आधीच भरलेले आहे. मूळ दोष सापडल्यावर ज्या भागांचा त्याच्याशी संबंध नव्हता, त्यांची किंमत व मजुरी परत मिळावी. माझ्या गाडीतून काढलेले जुने भागही मला हवे आहेत. मागितले तेव्हा "स्क्रॅपला गेले" असे सांगण्यात आले, परवानगी मात्र माझी कोणी घेतली नव्हती. दुरुस्ती झाल्यावर ट्रायल माझ्यासमोर, तापलेल्या इंजिनावर, एसी लावून घ्यावी.

सर्व बिलांच्या व जॉब कार्डांच्या प्रती आणि स्कॅनरच्या पडद्याचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन. फोनवर दिलगिरी व्यक्त करणारे कॉल कृपया करू नयेत, तसे बरेच येऊन गेले.

आपला,
एक वाहनधारक ग्राहक

सोबत: बिलांच्या प्रती, जॉब कार्डांच्या प्रती, फ्यूएल ट्रिमचे फोटो, ईसीएमचे सही न केलेले एस्टिमेट