हिरवा बुरा दिसला की लगेच चुना मारू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

जुलैच्या पावसात आमच्याकडच्या एका बागेत (नाव मुद्दामच घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको) सकाळी फिरायला येणाऱ्यांच्यात एकदम घबराट उडाली. कारण काय, तर आंब्याखाली पडलेल्या फांद्यांवर पांढरा कापसासारखा आणि मधेमधे पोपटी-हिरवा असा बुरा (बुरशीच ती) आलेला. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली "ब्लॅक फंगस, पोरांना बागेत पाठवू नका", आणि दुपारी दोघंजण पोतं घेऊन आले, चुना मारला, पाचोळा कोपऱ्यात ओढून पेटवला, झालं काम. हिरव्याला काळं म्हणायला लागलो आपण!

२०२१ला कोरोनात त्या रोगाची धास्ती बसली ते कळतं, पण म्युकर गटातल्या ज्या बुरशीने तो होतो ती स्वतः काळी नसतेच, पांढरट-राखाडी असते, शिळ्या भाकरीवर केस येतात आणि केसांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके दिसतात ना, तिच्याच गोतातली. रोगाला काळी म्हणतात कारण आत मेलेलं मांस काळं पडतं. आणि तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बियाणंच म्हणा, तसेही मातीत, पाचोळ्यात, हवेत सगळीकडे असतात, चुना मारून किती मारणार.

मला हा नाद जुना आहे, खिशात दहा पटीचं भिंग असतं. चुना पडायच्या आधी मी त्यातली एक फांदी उचलून बघत बसलो होतो तर मागून एक काका म्हणाले, "काय बघूलालास रे, सोनं सापडलं काय?" त्यांच्याही हातात भिंग दिलं. कडेला पांढरी जाळी, अगदी पातळ, आणि मधे हिरव्या बारीक गाद्या, कुठे फिक्या कुठे गडद, जणू ओल्या सालीवर कुणी हिरवं पीठ थापलंय. मग फुंकर मारली. काही उडालं नाही. हीच खूण मी आधी बघतो, कारण पेनिसिलियम, म्हणजे लिंबावर निळसर-हिरवी येते ती, तिची धूळ फुंकरीसरशी उडते, आणि फांदीवरची ही ओली असताना उडत नाही, हिचे बीजाणू चिकट थेंबात गोळा होऊन बसलेले असतात. वासही बघितला, किंचित खोबऱ्यासारखा. (दमेकऱ्यांनी हा प्रकार करू नये, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी तर कुजलेल्या पाचोळ्यात हातच घालू नये, तिथे अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशीही असते आणि ती फुप्फुसात त्रास देऊ शकतो.)

माझा अंदाज, ही ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. हे नाव १७९४ला पर्सून नावाच्या शास्त्रज्ञाने दिलंय. राहते मातीत, पण मातीत आपल्याला दिसत नाही, डोळ्याला दिसते ती कुजक्या लाकडावर, सालीवर, नाहीतर मेलेल्या अळंबीवर. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पावसाळ्यात वाळक्या फांद्या उलटून बघा, नाहीतर जांबोटी-कणकुंबीच्या रानात, तिथे तर पाऊसच असा की चप्पलसुद्धा हिरवी होते.

अंदाज म्हणालो ते उगाच नाही. भिंगाने फार तर वंश सांगता येतो, त्यातली नेमकी जात नाही. चिकटपट्टीने थोडा बुरा उचलून निळ्या रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली धरला तर फांदीला फांदी फुटलेलं झाड दिसतं, टोकाला बुटक्या सुरयांसारख्या पेशी आणि त्यांच्या तोंडाशी हिरवे गोल दाणे, दाणा म्हणजे एका मिलिमीटरचा तीनशेवा भाग, इतका बारीक. लॅबमध्ये बटाट्याचा काढा, साखर आणि अगर घातलेल्या बशीत वाढवली तर चारेक दिवसात अख्खी बशी व्यापते, कधीकधी हिरवी वर्तुळं पडतात. तरी जात ठरत नाही, चारशेच्या वर जाती आहेत, शेवटी डीएनएच बघावा लागतो. त्यामुळे मोबाइलवरचं अ‍ॅप फोटो बघून छातीठोक जात सांगत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता गंमत बघा. शहरात जिच्यावर चुना मारतात तिचीच पावडर आमचे येळ्ळूर-वडगावचे पाहुणे कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून घेऊन येतात, पाकिटावर कन्नड, बोलताना मराठी, आणि मसूर-हरभऱ्याच्या बियाण्याला किलोला चार-पाच ग्रॅम चोळतात, मर रोग लागून रोपं वाळू नयेत म्हणून. ही दुसऱ्या बुरशीला वेटोळं घालून तिची भिंत विरघळवते आणि खाते, १९३२ला वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने रोपं कुजवणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीवर हे दाखवलं. हिच्याच एका जातीने दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू खाल्ले आणि कापूस पचवणारं तेच एन्झाइम आज जीन्स मऊ करायला वापरतात. पण सगळं गोडच नाही हं, अळंबीची शेती करणाऱ्याला विचारा, बेडवर हिरवा डाग दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो.

आणि बागेत पिवळं फेसाळ, शिरा सांडल्यासारखं काही दिसलं तर ती बुरशीच नव्हे, स्लाइम मोल्ड, अमिबाच्या नात्यातलं, दोन दिवसात वाळून तपकिरी भुकटी होते. त्यालाही चुना नको.

माझी आज्जी लोणच्यावर, भाकरीवर, जोड्यावर जे येईल त्याला बुरा म्हणायची आणि पुसून टाकायची, घाबरायची नाही. बागेच्या मालकांना एवढंच सांगणं की पाचोळा पेटवू नका, एका कोपऱ्यात खड्ड्यात साठवा, खत होईल. आणि ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांनी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, कशावर आलाय ते लिहून टाकावा. परवा परत गेलो होतो, चुन्याचा पट्टा तसाच पांढरा आहे, त्याच्या पलीकडे वीतभर अंतरावर दुसऱ्या फांदीवर हिरवं यायला लागलंय.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव