एकाच कांदाचाळीची सरकारदरबारी दोन मापं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कांद्याचे भाव पडले की शेतकऱ्यांनी साठवणूक वाढवावी असा सल्ला आम्हाला सगळीकडून मिळतो. सल्ला खराच आहे. एप्रिलमध्ये सगळ्यांचा उन्हाळ कांदा एकदम बाजारात आला तर लिलावात त्याला कोण विचारणार? पण माल धरून ठेवायचा तर चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड लागते, आणि चाळीला पैसा किती लागतो ते सल्ला देणारे बोलत नाहीत. आम्ही मागच्या हिवाळ्यात घराच्या मागच्या पडीक तुकड्यावर पंचवीस टनी दुपाखी, म्हणजे कांदा भरायच्या दोन ओळींची, कांदाचाळ बांधली. घरातला हिशेब मीच लिहिते, म्हणून पत्रही मीच लिहिते आहे.

चाळ चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. खांबांचे खड्डे, काँक्रीट आणि जोतं यांनाच अठ्ठावन्न हजार लागले, कारण आमच्याकडे वर काळी माती आणि हातभर खाली गेलं की कडक मांजऱ्या खडक. लोखंड बावीस क्विंटल बसलं. अँगल, चॅनल, पाइप असा सगळा माल मालेगावहून आणला. गाडीभाड्यासकट एक लाख बेचाळीस हजार. वेल्डर किलोवर मजुरी घेतो, त्याचे पस्तीस हजार झाले. पत्रे आणि हुक चौसष्ट हजारांचे. तळाला आणि बाजूंना बांबूच्या पट्ट्या मारल्या, त्या तारा-खिळे आणि मजुरी धरून शेहेचाळीस हजारांना पडल्या. दारं, रंग, भोवतीचा मुरूम, लाइटची वायर हे किरकोळ म्हणता म्हणता सत्तावीस हजारांवर गेलं. एकूण तीन लाख बहात्तर हजार. यात आमच्या घरच्या माणसांनी केलेलं काम धरलेलं नाही.

आता सरकारचं माप पाहा. फलोत्पादन अभियानात चाळीला निम्मं अनुदान आहे, पण ते निम्मं झालेल्या खर्चाचं नाही. सरकारने ठरवलेल्या मापदंडाचं ते निम्मं. कितीतरी वर्षं टनाला साडेतीन हजार, म्हणजे पंचवीस टनांना ८७,५०० रुपये मिळत होते. याचा अर्थ अख्खी चाळ १,७५,००० रुपयांत होते असं धरलेलं होतं. अलीकडे मापदंड वाढवून पंचवीस टनांपर्यंतच्या चाळीला टनामागे पाच हजारांपर्यंत अनुदान केलं, हे मी मान्य करते आणि त्याबद्दल आभारही मानते. तरीही गृहीत खर्च अडीच लाखच राहतो. आमच्या खऱ्या खर्चाशी ताडून पाहिलं तर सव्वा लाख म्हणजे निम्मं नव्हे, जेमतेम तिसरा हिस्सा.

कोणी म्हणेल, बाईंनी चाळ महागाची बांधली. त्यांच्यासाठी सरकारचाच दुसरा कागद आहे. २०२३ मध्ये रोजगार हमीतून कांदाचाळ द्यायचं ठरलं, तेव्हा सरकारच्याच अंदाजपत्रकात पंचवीस टनी चाळीचा खर्च ४,५८,७३० रुपये धरला होता. अनुदान १,६०,३६७ रुपये आणि उरलेले २,९८,३६३ रुपये शेतकऱ्याचा वाटा. म्हणजे चाळ साडेचार लाखांना पडते हे सरकारला ठाऊक आहे. मग एका खात्यात तीच चाळ अडीच लाखांची कशी होते?

रोजगार हमीच्या त्या अनुदानाची फोड आणखी बोलकी आहे. मजुरीला ९६,२२० आणि साहित्याला ६४,१४७. रोजगार हमीचं साठ-चाळीसचं प्रमाण बसवायचं म्हणून ही वाटणी. तेव्हाच्या २७३ रुपये रोजाने हिशेब केला तर साडेतीनशेच्या वर मनुष्यदिवस होतात. शेततळं किंवा बांधबंदिस्ती असती तर गोष्ट वेगळी, ती मातीची कामं आहेत. चाळ म्हणजे लोखंड आणि पत्रा. वेल्डर आणि त्याची दोन-तीन पोरं सांगाडा उभा करतात, गवंडी जोतं करतो, संपलं. खर्च दुकानात होतो आणि पैसा मंजूर होतो मस्टरवर, मजुरांच्या हजेरीपटावर. चौसष्ट हजारांत आमचे फक्त पत्रे आले.

यात सगळ्यात जास्त मरण आहे ते लहान शेतकऱ्याचं, आणि माझं मुख्य म्हणणं त्यांच्यासाठीच आहे. आमच्या शेजारच्या मावशींचं एकरभर रान. त्यांना दहा टनांची चाळ पुरेल. त्यांच्यासाठी मी आमच्याच वेल्डरला भाव विचारला. त्याने सगळं मिळून एक लाख नव्वद हजार सांगितले. म्हणजे टनाला एकोणीस हजार, जिथे आम्हाला पंधरा हजाराच्या आत टन पडला. कारण साधं आहे. चाळ लहान केली म्हणून छपराला आधार देणाऱ्या दोन टोकांच्या कैच्या कमी होत नाहीत, दारं कमी होत नाहीत, वेल्डरचं येणं-जाणं आणि जनरेटरचं भाडं तेवढंच राहतं. अनुदान मात्र टनावर मोजायचं. मावशींना पन्नास हजार मिळणार आणि एक लाख चाळीस हजार त्यांनी स्वतः उभे करायचे, तेही आधी, कारण चाळ पूर्ण होऊन तपासणी आणि फोटो झाल्याशिवाय रुपया मिळत नाही. आम्हीसुद्धा दीड लाख पतसंस्थेतून तेरा टक्क्यांनी उचलले आहेत. महिन्याला सोळाशेच्या वर नुसतं व्याज जातं. मावशींना ते कोण देणार? त्या कांदा काढतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर उमराण्याच्या बाजाराला लावतात. भाव मिळेल तो घेतात.

पैसे पुरत नसतानाही जो चाळ बांधतो, तो मग चाळीतच काटकसर करतो. तळाची पोकळी सोडायची ती सोडत नाही, दगड-विटा मांडून त्यावर कांदा टाकतो. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय सांगतं की पाखी, म्हणजे कांद्याची ओळ, चार फुटांपेक्षा रुंद नको, थर पाच फुटांच्या वर नको आणि खालून हवेला दीड-दोन फूट जागा हवी. पण लोखंड वाचवायचं म्हणून पाखी सहा फुटांची होते, थर डोक्यापर्यंत जातो, पत्रा खाली येतो. अशा एका चाळीत मी जुलैत कांदा निवडायला गेले होते. वरचे कांदे डोळ्यांना छान, कोरडे, लालसर. कोपरापर्यंत हात आत घातला तर आत ऊब लागली, ताप आलेल्या माणसाच्या अंगाला लागावी तशी. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना काळी भुकटी होती आणि बांगड्यांना वास. खालच्या फळीतून पाणी ठिबकत होतं. आम्ही बायकांनी दिवसभर निवडून जो कांदा बाहेर काढला, त्यातला निम्मा उकिरड्यावर गेला. त्या घरच्यांनी तीन महिने धरून ठेवलेला तो माल होता.

कांद्याला पंचवीस ते तीस अंश तापमान आणि पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रता मानवते. नाशिकचा मे महिना आणि श्रावणातली झड या दोन्हींत हे सांभाळायचं, तेही वीज न लावता, तर चाळीची उंची, पाखीची रुंदी आणि तळाची पोकळी एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून चाळीतला फूटभर लोखंडाचा कंजूषपणा पुढे क्विंटलांनी वसूल होतो. पंचवीस टनांतला दहावा हिस्सा जरी सडीतून वाचला तरी तो पंचवीस क्विंटल कांदा आहे. दरवर्षीचा. अनुदान वाढवणं सरकारला जड वाटत असेल तर हा वाचलेला कांदाही त्यांनी हिशेबात धरावा, कारण तोच पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात शहरांतल्या ताटात जातो.

धोका फक्त सडीचा असता तरी सोसला असता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं तेव्हा आमच्या भागातल्या चाळी भरलेल्या होत्या, आणि त्याच डिसेंबरात निर्यातच बंद झाली. चाळ बांधून कांदा धरणारा शेतकरी हे सगळं स्वतःच्या खर्चाने अंगावर घेतो. निदान चाळीचा खर्च तरी खरा धरावा.

माझ्या मागण्या फार नाहीत. कृषी खातं आणि रोजगार हमी यांनी पंचवीस टनी चाळीचं एकच अंदाजपत्रक करावं, आणि लोखंड-पत्र्याचे भाव पाहून ते दरवर्षी बदलावं. पाच ते दहा टनांच्या चाळीला टनाचा दर वेगळा आणि जास्त असावा. अनुदान दोन हप्त्यांत द्यावं, पहिला हप्ता जोतं झाल्याचा फोटो चढवल्यावर. हे अवघड नाही, घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्यानेच मिळतात. आणि पूर्वसंमती दिवाळीच्या सुमारास हातात पडावी. कांदा मार्चअखेर काढणीला येतो. फेब्रुवारीत संमती आली तर वेल्डरला सवड नसते, काँक्रीटला पाणी मारायला दिवस नसतात, आणि मग घाईने उभी केलेली चाळ पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात पत्रे सोडते.

आमच्या चाळीचा खर्चाचा कागद, बिलांसकट, मी कृषी सहायकांकडे दिला आहे. ज्यांना आपल्या चाळीचा अंदाज काढायचा आहे त्यांनी तो पाहायला मागावा, माझी हरकत नाही. मावशींचा अर्ज मी येत्या आठवड्यात ऑनलाइन भरून देणार आहे, दहा टनांचाच.

आपली नम्र,
एक कांदा उत्पादक शेतकरी महिला
ता. चांदवड, जि. नाशिक