ऑनलाइन वर्ग जरूर भरवा, पण तो शाळेचा दिवस म्हणून मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत हिमवादळामुळे शाळा दिवसेंदिवस बंद राहतात तेव्हा मुलांना घरी बसून ऑनलाइन शिकवावे की सरळ सुट्टी द्यावी, या विषयावरील लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. आपल्याकडेही अतिवृष्टीच्या काळात ऑनलाइन शाळेचाच मार्ग धरावा, अशी सूचना लेखाच्या शेवटी आहे. ती सद्हेतूने केलेली आहे आणि मी तिला सरसकट विरोध करणार नाही. मात्र मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळी नोकरी केलेली शिक्षिका म्हणून मला तिला एक अट जोडावीशी वाटते. पूरकाळात ऑनलाइन वर्ग जरूर भरवावेत, पण त्यांची नोंद शाळेच्या कामकाजाचा दिवस म्हणून होऊ नये.

ज्या देशाचा दाखला दिला आहे, तिथेही याबाबत एकमत नाही. न्यूयॉर्क शहराने कोरोनाकाळापासून हिमवादळाची सुट्टी जवळजवळ मोडीत काढली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी वादळामुळे शाळा बंद ठेवून सर्वांना ऑनलाइन बसवण्यात आले, तेव्हा त्या सकाळी असंख्य मुलांना आणि शिक्षकांना लॉग-इनच करता आले नाही. याउलट मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेचे वर्ष १८० दिवसांचे असते आणि हिमवादळाच्या दिवशी घेतलेला ऑनलाइन वर्ग त्यात धरला जात नाही. बुडालेले दिवस जूनमध्ये शाळा भरवून भरून काढावे लागतात. मला हा दुसरा रिवाज अधिक प्रामाणिक वाटतो.

आता आपल्याकडचे पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा आणि सिंदफणा या नद्यांनी धाराशिव, बीड, लातूर जिल्ह्यांत जे केले, ते वाचकांच्या डोळ्यांसमोर असेलच. हिमवादळात बहुतेक वेळा रस्ता बंद होतो, पण घर शाबूत असते. पुरात घरातच पाणी शिरते. विजेची डीपी पाण्यात गेली की गावची लाइट जाते आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते. घरात चालू राहिलेला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशात असतो, कारण आडव्या झालेल्या सोयाबीनचे फोटो काढायचे असतात, तलाठ्याला पंचनाम्यासाठी गाठायचे असते आणि मदतीच्या ई-केवायसीसाठी ओटीपी येणार असतो. अशा वेळी तिसरीतल्या मुलीने 'मला वर्गाला बसायचे आहे, फोन द्या' असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

पाणी ओसरल्यावर मी आमच्या भागातील एका शाळेत गेले होते. कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरील पाठ्यपुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता, पोषण आहाराच्या तांदळाची पोती फुगून त्यांना आंबूस वास सुटला होता आणि ज्या एका खोलीत पाणी शिरले नव्हते, तिथे दोन कुटुंबे आपल्या शेळ्यांसह मुक्कामाला होती. त्या कुटुंबांना तिथे आसरा मिळाला हे योग्यच झाले. पण शाळा कितीतरी दिवस का उघडत नाही, याचे उत्तरही तिथेच होते, आणि पाऊस थांबल्याने ते बदलत नव्हते. याच काळात कागदोपत्री 'ऑनलाइन शिक्षण सुरू आहे' अशी नोंद झाली असती, तर खोली साफ करून देण्याची, पुस्तके पुन्हा पुरवण्याची आणि वर्ग भरवण्याची घाई कोणालाच उरली नसती. माझ्या आक्षेपाचे मूळ इथे आहे. मुलांना शिक्षण हक्क कायदा, २००९ ने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामकाजाचे दिवस दिलेले आहेत. व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या एका चित्रफितीने त्यातला एक दिवस वळता करून घेणे हा मुलांवर अन्याय आहे.

अन्नाचा प्रश्नही याच नोंदीशी बांधलेला आहे. मध्यान्ह भोजन नियम, २०१५ नुसार शाळेच्या दिवशी कोणत्याही कारणाने जेवण देता आले नाही, तर त्या मुलाला अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. ऑनलाइन वर्गाला शाळेचा दिवस म्हणायचेच असेल, तर त्या दिवसाचे धान्य आणि भत्ता मुलाच्या घरी पोहोचवण्याची तयारी आधी दाखवावी. पीक गेलेल्या घरात दुपारची ती खिचडी किती मोलाची असते, हे वर्गात उभे राहून शिकवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोरोनाचा अनुभवही विसरता येणार नाही. तेव्हा अनेक शिक्षकांनी जीव तोडून काम केले आणि सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली'सारख्या कार्यक्रमांचा पुष्कळ मुलांना आधार झाला. तरीही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या 'असर' पाहणीनुसार दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशाच्या ग्रामीण भागातील प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. लहान मूल शेजारी बसलेल्या माणसाकडून वाचायला शिकते. पडद्यावरून ते क्वचितच साधते.

मग ऑनलाइन वर्गाचा उपयोग कुणाला? दहावी-बारावीच्या मुलांना तो निश्चित आहे. त्यांची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेपलेली असते आणि लाइट परत आली की त्यांना घरी किंवा नातेवाइकांकडे बसून धडे ऐकता येतात. लहान मुलांसाठी आकाशवाणीच्या धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या केंद्रांचा विचार व्हावा, कारण सेलवर चालणारा रेडिओ लाइट नसतानाही वाजतो. बाकी गावात, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या कोरड्या ओसरीवर शिक्षकाने दहा-बारा मुले जमवून रोज दोन तास बसवली, तर त्याची सर कोणत्याही ॲपला येणार नाही. ज्या शिक्षकांची स्वतःची घरे पाण्यात गेली आहेत, त्यांच्यावर मात्र ही जबाबदारी टाकू नये.

शिक्षण विभागाने पुढील पावसाळ्यापूर्वी याबाबत स्पष्ट आदेश काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुरामुळे बुडालेला दिवस हजेरीपटावर 'बंद' असाच लिहिला जावा, ऑनलाइन वर्गाला न बसलेल्या मुलाची गैरहजेरी लागू नये, आणि हे दिवस दिवाळीच्या सुट्टीतील काही दिवस घेऊन व हिवाळ्यात शनिवारची शाळा पूर्ण वेळ भरवून भरून काढावेत. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या वर्गखोल्यांत मुलांना बसवून ही भरपाई करू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, भूम, जि. धाराशिव